बुद्धाचे गृहस्थ शिष्य

श्रावस्तीचा अनाथपिंडिक श्रेष्ठी मरणशय्येवर होता. जेतवनाची भूमी नाण्यांनी झाकून विकत घेणारा आणि ती बुद्धप्रमुख भिक्षुसंघाला अर्पण करणारा तोच हा दाता. त्याच्या निरोपावरून सारिपुत्त आणि आनंद त्याच्या घरी आले. सारिपुत्ताने त्याला जो उपदेश केला, तो नेहमीचा दानाचा, शीलाचा वा स्वर्गसुखाचा नव्हता. डोळा आणि रूप, कान आणि शब्द, वेदना आणि विज्ञान, इहलोक आणि परलोक यांपैकी कशालाही चिकटून न राहण्याचा तो गंभीर उपदेश होता. ऐकता ऐकता श्रेष्ठीच्या डोळ्यांतून अश्रू वाहू लागले. धीर सुटला की काय, असे आनंदाने विचारले. धीर सुटलेला नाही, असे श्रेष्ठीने सांगितले. पण इतकी वर्षे शास्त्याची आणि भिक्षूंची सेवा करूनही असा उपदेश आजवर कधी कानी पडला नव्हता, हे त्याला जाणवले होते. पांढरी वस्त्रे नेसणाऱ्या गृहस्थांना असा उपदेश केला जात नाही, तो प्रव्रजितांसाठी असतो, असे उत्तर त्याला मिळाले. तेव्हा त्याने विनवणी केली, की यापुढे गृहस्थांनाही असा उपदेश केला जावा. ज्यांची दृष्टी फारशी मलिन झालेली नाही अशी माणसे गृहस्थांतही आहेत आणि धम्म कानी न पडल्यामुळे त्यांची हानी होत आहे.

मज्झिमनिकायात हा प्रसंग आलेला आहे. तो मुखोद्गत करून पुढील पिढ्यांच्या हाती देणारे भिक्षूच होते, आणि तरीही संघावर अप्रत्यक्ष ठपका ठेवणारी एका गृहस्थाची ही तक्रार त्यांनी गाळली नाही, हे विशेष होय. प्रारंभीच्या बौद्ध समाजात गृहस्थ शिष्याचे स्थान नेमके कोणते होते, या प्रश्नाची सारी गुंतागुंत या छोट्याशा संवादात साठलेली आहे. बुद्धाचा धम्म म्हटला की मुंडित मस्तकाचा, काषाय वस्त्र पांघरलेला भिक्षूच आपल्यापुढे उभा राहतो. शाळेत शिकलेल्या इतिहासाने ही प्रतिमा पक्की केलेली असते. परंतु या भिक्षूला जमीन खणण्याची मनाई होती, सोनेरुपे घेण्याची मनाई होती, आजचे अन्न उद्यासाठी ठेवण्याची मनाई होती. साहजिकच संघाचे उद्याचे जेवण रोज कोणा ना कोणा गृहस्थाच्या दारात ठरत होते. त्या दारात उभ्या असलेल्या माणसाची ओळख करून घेतल्याशिवाय संघाची ओळख पुरी होत नाही.

संघाच्याही आधीचे

ऐतिहासिक क्रम पाहिला तर बुद्धाचे पहिले शिष्य भिक्षू नव्हतेच. संबोधीनंतर थोड्याच दिवसांत उक्कल देशाकडून आलेल्या तपुस्स आणि भल्लिक या दोन व्यापाऱ्यांनी बुद्धाला सातूचे व मधाचे पदार्थ दिले आणि त्याला शरण गेले. तेव्हा संघ अस्तित्वात यायचा होता; म्हणून त्यांची शरणागती बुद्ध आणि धम्म या दोहोंपुरतीच राहिली. सारनाथचे पाच भिक्षू त्यानंतरचे. पुढे वाराणसीच्या यश नावाच्या श्रेष्ठिपुत्राने घर सोडले. त्याला शोधत आलेला त्याचा पिता तिन्ही शरणे स्वीकारणारा पहिला उपासक ठरला, तर यशाची माता आणि त्याची पूर्वाश्रमीची पत्नी या पहिल्या उपासिका ठरल्या. एकाच घरातून एक भिक्षू, एक उपासक आणि दोन उपासिका निघाल्या, हे त्या काळच्या चित्राचे लहानसे प्रातिनिधिक रूप होय.

‘उपासक’ या शब्दाचा धात्वर्थ जवळ बसणारा एवढाच आहे. महानाम शाक्याने उपासक कोणाला म्हणावे, असे विचारले असता बुद्धाने दिलेले उत्तर थोडक्यात असे, की जो बुद्ध, धम्म आणि संघ यांना शरण गेला तो उपासक. जो हिंसा, चोरी, व्यभिचार, असत्य आणि मद्य यांपासून दूर राहिला तो शीलवान उपासक. आणि जो स्वतःच्या हितावर न थांबता इतरांनाही त्या मार्गाला लावतो तो स्वतःचे व इतरांचे, दोघांचेही हित साधणारा उपासक. अट एवढीच. जन्म, कुल, व्यवसाय यांची चौकशी नाही. फक्त शस्त्रे, प्राणी, मांस, मद्य आणि विष यांचा व्यापार त्याने करू नये, असे अंगुत्तरनिकायात सांगितले आहे.

त्याच निकायात निरनिराळ्या गुणांत अग्रगण्य ठरलेल्या शिष्यांची जी नामावली आहे, तीत भिक्षु-भिक्षुणींबरोबर उपासक-उपासिकांचीही नावे आहेत. बहुश्रुत उपासिकांत पहिले नाव खुज्जुत्तरेचे. अट्ठकथेनुसार ती कोसंबीच्या सामावती राणीची दासी. राणीला राजवाड्याबाहेर पडता येत नसे. म्हणून दासी बुद्धाचे प्रवचन ऐकून येई आणि राणीसह सर्व स्त्रियांना ते जसेच्या तसे सांगे. ती सांगत असताना तिला उच्चासनावर बसवले जाई. ‘इतिवुत्तक’ हा ग्रंथ तिच्या स्मरणातून आला, अशी परंपरा आहे. दासीच्या तोंडून राणीने शास्त्र ऐकावे, ही घटना प्राचीन भारतात सहज घडणारी नव्हती.

मच्छिकासंडचा चित्त गृहपती तर धम्मचर्चेत अनेक स्थविरांना भारी पडे. बंधन आणि बंधनकारक गोष्टी हे दोन शब्द अर्थानेही भिन्न आहेत की अर्थाने एकच, असा वाद भिक्षूंत चालला असता त्याने एकाच दोरीने बांधलेल्या काळ्या व पांढऱ्या बैलांचा दाखला दिला. काळा बैल पांढऱ्याचे बंधन नाही आणि पांढरा काळ्याचे नाही. बंधन आहे ती दोरी. विषय आणि इंद्रिये यांच्यामध्ये निर्माण होणारा छंदराग हीच ती दोरी, हे त्याचे उत्तर भिक्षूंनी मान्य केले.

लोकांची कुरकुर

विनयपिटक वाचताना एक गोष्ट वारंवार नजरेस येते. भिक्षूंकडून काहीतरी घडते, लोक चिडतात, नाराजी बोलून दाखवतात, ती बुद्धाच्या कानी जाते आणि एक नवा नियम जन्मास येतो. पावसाळ्यात फिरणारे भिक्षू कोवळे गवत आणि लहान जीव तुडवतात, अशी लोकांनी तक्रार केली, त्यातून वर्षावास आला. उपोसथाच्या दिवशी एकत्र जमलेले भिक्षू नुसते मुकाट बसून राहतात, हे पाहून ऐकायला आलेले लोक वैतागले, तेव्हा त्या दिवशी धम्म सांगण्याची प्रथा पडली. उपोसथासाठी जमण्याची मूळ सूचनाही बिंबिसार राजाची, म्हणजे एका गृहस्थाचीच. राहुलाला परस्पर प्रव्रज्या दिली गेल्यावर व्यथित झालेल्या शुद्धोदनाने मागणी केली आणि मातापित्यांच्या संमतीवाचून मुलाला प्रव्रज्या देऊ नये, हा नियम झाला. भिक्षूंचा विनय भिक्षूंसाठी होता. पण तो घडवण्यात गृहस्थांचा वाटा मोठा होता.

या अंकुशाचा गौरव करताना त्याची दुसरी बाजूही पाहावी लागते. ऋणको आणि दास यांना संघात घेऊ नये, हे नियमही लोकांच्या तक्रारीमुळेच आले. तक्रार करणारे कोण, हे सांगायला नको. ज्याच्या हाती अन्न असते त्याचे हितसंबंधही अन्नाबरोबर पात्रात पडतात.

तथापि सामान्य गृहस्थांच्या बळाचे सर्वांत बोलके उदाहरण कोसंबीचे आहे. तेथील भिक्षूंत एका क्षुल्लक कारणावरून तट पडले. अट्ठकथा सांगते, की शौचकूपातील भांड्यात उरलेल्या पाण्यावरून हा वाद सुरू झाला. बुद्धाने समजावले, भिक्षूंनी ऐकले नाही आणि तो एकटाच अरण्यात निघून गेला. तेव्हा कोसंबीच्या उपासकांनी ठरवले, की या भिक्षूंना नमस्कार करायचा नाही, ते आले तर उठून उभे राहायचे नाही आणि भिक्षा घालायची नाही. शास्त्याच्या शब्दाने जे साधले नाही ते रिकाम्या पात्राने साधले. भिक्षू समेटासाठी श्रावस्तीला निघाले. तेथे या दोन तटांशी आपण कसे वागावे, असे अनाथपिंडिक आणि विशाखा यांनी विचारले असता बुद्धाने सांगितले, की दान दोघांनाही द्यावे, ऐकून दोघांचेही घ्यावे आणि जे धम्माला धरून बोलतात त्यांचे मत पत्करावे. निवाड्याची कुवत गृहस्थाच्या ठायी आहे, हे यात गृहीत धरलेले आहे.

विशाखेच्या संदर्भात विनयात आणखी एक नियम आहे आणि तो सहसा कोणी सांगत नाही. एखादा भिक्षू एकांतात स्त्रीबरोबर बसलेला आढळला आणि विश्वासार्ह वचनाच्या उपासिकेने तसे सांगितले, तर भिक्षूने ते बसणे कबूल केल्यावर तिच्या सांगण्यानुसार त्याच्यावर कारवाई करता येते. पातिमोक्खात, म्हणजे भिक्षूंच्या आचारसंहितेच्या गाभ्यातच, एका गृहस्थ स्त्रीच्या साक्षीला हे स्थान मिळाले आहे. चित्त गृहपतीचा अपमान करणाऱ्या सुधम्म भिक्षूला तर संघाने रीतसर ठराव करून, सोबतीला दुसरा भिक्षू देऊन, चित्ताकडे क्षमा मागण्यासाठी पाठवले. उलट दिशेचा उपायही होता. वड्ढ लिच्छवीने एका निरपराध भिक्षूवर खोटा आळ घेतला, तेव्हा संघाने त्याच्यापुढे ‘पात्र उलटे’ केले, म्हणजे त्याची भिक्षा नाकारली. पश्चात्ताप होऊन त्याने अपराध कबूल केल्यावर पात्र पुन्हा सुलटे झाले. दान घेण्यास नकार देणे ही शिक्षा ठरते, एवढा हा संबंध दोन्ही बाजूंनी जिवंत होता.

घरातला धम्म

गृहस्थाला नेमके काय शिकवले गेले? राजगृहाच्या सिगालाची गोष्ट परिचित आहे. पित्याच्या सांगण्यावरून तो रोज पहाटे ओल्या वस्त्रांनी सहा दिशांना नमस्कार करी. बुद्धाने त्याला नमस्कार टाकून दे, असे म्हटले नाही. दिशांचा अर्थ तेवढा बदलला. पूर्व म्हणजे मातापिता, दक्षिण म्हणजे गुरू, पश्चिम म्हणजे पत्नी आणि मुले, उत्तर म्हणजे मित्र, खालची दिशा म्हणजे नोकर-चाकर आणि वरची म्हणजे श्रमण-ब्राह्मण. प्रत्येक नात्यात कर्तव्ये दोन्ही बाजूंनी सांगितली आहेत. धन्याने नोकराला त्याच्या शक्तीप्रमाणे काम द्यावे, अन्न आणि वेतन द्यावे, आजारपणात त्याची काळजी घ्यावी, गोडधोड वाटून खावे आणि वेळोवेळी सुट्टी द्यावी. अडीच हजार वर्षांपूर्वीच्या धर्मोपदेशात आजारपण आणि सुट्टी यांचा असा उल्लेख यावा, याचे आजच्या नोकरदाराला नवल वाटेल. मिळकतीचे चार भाग करावेत, एक उपभोगासाठी, दोन व्यवसायासाठी आणि चौथा अडचणीच्या काळासाठी, असाही हिशेब तेथे आहे. यात दानाचा वेगळा भाग नाही, हे ध्यानात घेण्याजोगे आहे. ज्या संघाचे पोट दानावर चालत होते, त्यानेच हा हिशेब जपून ठेवला.

कोलिय दीघजाणूने तर आपले गाऱ्हाणे मोकळेपणाने मांडले. आम्ही मुलाबाळांच्या गर्दीत राहणारी, चंदन-माळा वापरणारी, सोनेनाणे हाताळणारी माणसे. आम्हाला झेपेल असे काही सांगा, असे तो म्हणाला. त्याला मिळालेल्या उत्तरात उद्योग, मिळवलेल्याचे रक्षण, चांगल्यांची संगत आणि आय-व्ययाचा तोल या चार गोष्टी प्रथम आल्या. श्रद्धा, शील, त्याग आणि प्रज्ञा त्यानंतर.

मग प्रज्ञेचे शिखर गृहस्थाला गाठता येत होते काय? वच्छगोत्त परिव्राजकाने हाच प्रश्न विचारला. वरच्या अवस्थांना पोहोचलेले उपासक आणि उपासिका शंभर नव्हेत, पाचशे नव्हेत, त्याहून कितीतरी अधिक आहेत, असे बुद्धाने सांगितले. त्यावर परिव्राजकाने काढलेला निष्कर्ष मार्मिक आहे: केवळ भिक्षूच सिद्धीस पोहोचले असते, तर हा मार्ग तेवढ्या अंशी अपुरा राहिला असता. तरीही शेवटची पायरी, अर्हत्त्व, ही घर न सोडता गाठणे जवळजवळ अशक्य मानले गेले. अनाथपिंडिकाच्या अश्रूंमागे हीच मर्यादा होती. दार बंद नव्हते. पण त्या दारापर्यंत त्याला नेण्याचे कोणाला सुचले नव्हते.

दार उघडे, नोंद नाही

येथे प्रारंभीच्या व्यवस्थेतील उणिवेशी आपण येऊन ठेपतो. भिक्षू होण्यासाठी उपसंपदा होती, आचार्य होते, नियम होते, पंधरवड्याला हजेरी होती, हकालपट्टीही होती. उपासक होण्यासाठी मात्र शरणागतीचे शब्द स्वतःच उच्चारायचे आणि घरी जायचे. त्याची ना नोंद, ना सभा. राजगृहाच्या पहिल्या संगीतीला पाचशे भिक्षू होते. गृहस्थ एकही नव्हता. वैशालीचे वज्जी भिक्षू उपोसथाच्या दिवशी पाण्याने भरलेले काशाचे पात्र मांडून उपासकांकडे नाणी मागू लागले, तेव्हा यश काकंडकपुत्त या भिक्षूने उपासकांना ती देऊ नका, असे सांगितले आणि उपासक त्याच्या बाजूने उभे राहिले. परंतु या वादाचा निर्णय झाला तो आठ भिक्षूंच्या मंडळात. कौल देण्याचे बळ उपासकाकडे होते, आसन मात्र नव्हते.

शिवाय ही निष्ठा अनन्य असावी, असा आग्रहही नव्हता. नालंदेचा उपाली गृहपती निगंठांचा अनुयायी. तो बुद्धाला शरण जाऊ लागला, तेव्हा त्याला आधी नीट विचार करण्यास सांगण्यात आले, आणि ज्या निगंठांची त्याच्या घरी इतके दिवस सोय होत आली त्यांची भिक्षा बंद न करण्याचाही उपदेश झाला. धर्मांतराच्या इतिहासात इतके औदार्य विरळाच. पण विवाह, नामकरण, अंत्यविधी हे सारे गृहस्थ पूर्वीच्याच रूढीने करीत राहिला, कारण त्यांसाठी भिक्षूंनी काही सांगितलेच नव्हते. खुद्द बुद्धाच्या अंत्यसंस्काराची चिंता भिक्षूंनी करू नये, ती श्रद्धावान गृहस्थांवर सोडावी, असे आनंदाला सांगण्यात आले होते आणि कुशिनाराच्या मल्लांनी तो पार पाडला.

या मोकळेपणाचा पुढचा अध्याय महाराष्ट्राच्या लेण्यांत कोरलेला आहे. कार्ल्याच्या चैत्यगृहाच्या दर्शनी भागातील दान धेनुकाकटच्या सिंहदत्त या गंधिकाचे आहे. कुड्याला कऱ्हाडच्या महिक या लोखंडाच्या व्यापाऱ्याने लेणे दिले. जुन्नरला धान्यविक्रेत्यांच्या श्रेणीने सात खोल्यांचे लेणे आणि पाण्याचे टाके दिले. जुन्नरच्याच एका लेखात कोणाचिक श्रेणीचा शक ‘उपासक’ अडुथुम हा वीस आणि नऊ निवर्तने जमिनींचे उत्पन्न देताना दिसतो. नाशिकच्या लेण्यातील उषवदाताचा लेख सर्वांत तपशीलवार आहे. त्याने तीन हजार कार्षापणे ‘अक्षयनीवी’ म्हणून गोवर्धनच्या विणकरांच्या श्रेण्यांकडे ठेवली. त्यांतील दोन हजारांवर दरमहा शेकडा एक आणि एक हजारावर पाऊण असे व्याज ठरले. मुद्दल कधीच परत घ्यायचे नव्हते. दोन हजारांचे वार्षिक व्याज दोनशे चाळीस. वर्षावासातील वीस भिक्षूंना चीवरासाठी प्रत्येकी बारा. हिशेब चोख आहे. आणि हाच उषवदात आपल्या लेखांत ब्राह्मणांना तीन लाख गाई दिल्याचे, दरवर्षी लक्ष ब्राह्मणभोजन घातल्याचेही अभिमानाने नोंदवतो. उपालीला मिळालेली मोकळीक येथे राजकुळाची रीत झालेली आहे.

अक्षयनीवीने भिक्षूंची सोय झाली, यात शंका नाही. परंतु ज्याचे चीवर श्रेणीच्या व्याजावर आणि ज्याचे अन्न गावाच्या उत्पन्नावर चालू लागले, त्याला रोज सकाळी दारोदार उभे राहण्याची गरज उरली नाही. कोसंबीच्या उपासकांनी जे हत्यार वापरले होते, ते अशा विहारापुढे निरुपयोगी होते. भिक्षा बंद करण्याची भीती संपली आणि तिच्याबरोबर कुरकुर ऐकण्याची सवयही गेली असावी. पुढे विहार ओस पडले, तेव्हा गृहस्थांजवळ स्वतःची अशी संघटना नव्हती. जेथे त्याचे संस्कार आधीपासून होतच होते, तेथे तो गुपचूप मिसळून गेला.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ‘भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात नेमके या उणिवेवर बोट ठेवले आहे. संघप्रवेशाची दीक्षा होती, पण भिक्षू न होता धम्म स्वीकारणाऱ्यासाठी वेगळी धम्मदीक्षा नव्हती; ही गंभीर चूक असून बौद्ध धर्माच्या ऱ्हासाचे ते एक कारण होय, असे त्यांचे मत होते. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात त्यांनी कुशिनाराच्या भिक्षू चंद्रमणींकडून त्रिशरण-पंचशील घेतले आणि त्यानंतर लाखोंच्या समुदायाला स्वतःच दीक्षा दिली. एका गृहस्थाने गृहस्थांना दिलेली ती दीक्षा होती. तिच्यासोबत दिलेल्या बावीस प्रतिज्ञांत जुन्या देवतांचा आणि विधींचा स्पष्ट त्याग होता. उपालीला दिलेल्या उपदेशाशी हे विसंगत आहे, असा आक्षेप घेणाऱ्यांनी एक फरक विसरू नये. उपाली हा धनिक होता, त्याच्या घरी निगंठ येत. नागपूरच्या मैदानावर जमलेल्यांना जुन्या घराने कधी उंबऱ्याच्या आतच घेतले नव्हते.

२०११ च्या जनगणनेत देशातील सुमारे ८४ लाख बौद्धांपैकी सुमारे ६५ लाख महाराष्ट्रात नोंदले गेले. त्यांत भिक्षूंची संख्या अल्प, गृहस्थच बहुसंख्य. विवाह आणि इतर संस्कार बहुधा बौद्धाचार्य करतात, आणि ते स्वतः संसारी असतात. वस्तीतील विहारांचा कारभार रहिवाशांची समिती पाहते. आषाढी पौर्णिमेपासून तीन महिने अनेक विहारांत रोज संध्याकाळी बाबासाहेबांच्या त्या ग्रंथाचे वाचन चालते. वाचणारा कधी शाळेतला शिक्षक असतो, कधी कचेरीतून परतलेला कारकून. समोर पांढऱ्या साड्यांतील स्त्रिया, मुले, म्हातारी माणसे बसलेली असतात. भिक्षू उपलब्ध असले तर येतात, नसले तरी वाचन थांबत नाही.